विहीर कुणाची

जिंतूर, गुरुवार, माघ वद्य पंचमी

जिंकत आलेला दावा आज हातचा गेला आणि जीव हलका झाला. बोरी गावची ती विहीर सखूबाई धनगरणीच्या मयत नवऱ्याने खोदलेली. पण कागद माझ्या अशिलाच्या, दत्तरावांच्या नावे. कायदा आमच्याच बाजूने. तरी ती विहीर आठ दिवस डोक्यातून जाईना. मी वकील, अशिलाविरुद्ध बोलू कसा?

शेवटी कोर्टाबाहेर त्यांनाच विचारलं, "विहीर कुणी खोदली?"

"तिच्या मालकानं. पण वकीलसाहेब, कागद माझा हाय ना?"

"आहे. पण तिनं मेंढरं कुठं पाजावीत?"

 पुकारा होताच दत्तराव आत जाऊन मुनसिफसाहेबांना म्हणाले, "हुजूर, विहीर तिचीच हाय. मला दावा चालवायचा न्हाई."

सखूबाई पायरीवर बसून रडली. मला मात्र सडकून भूक लागली.