तगरीवरचा पतंग

६ एप्रिल २००३
ऊन कडक. दूध आले. दुपारी झोप. संध्याकाळी परसात दोरीवर पांढरी डबल चादर टांगली, पुढे शंभरचा बल्ब. आजपासून बागेत येणाऱ्या पतंगांची नोंद ठेवणार. कारखान्यात स्टोअर सांभाळले, हे त्याहून सोपे. चादर पाहुण्यांसाठीची. ही असती तर दिली नसती. संक्रांतीला ही गेली. तेव्हापासून फाटकाबाहेर पडलो नाही. गरजच पडली नाही.
नोंद : तपकिरी, एक.

७ एप्रिल
तपकिरी, एक. कालचाच असावा.

९ एप्रिल
शेजारच्या हंबीररावांनी भिंतीवरून विचारले, "काय पावणं, चोरांस्नी वाट दावताय व्हय?" इतक्या वर्षांचा शेजार आणि मला पावणं म्हणतात. का, तर मी दिसत नाही म्हणून. संशोधन आहे, असे सांगितले. "मग कवा संपतंय?" म्हणाले. अशा कामात घाई चालत नाही.

१५ एप्रिल
गडहिंग्लजहून अक्काचा फोन. पवित्राचे लग्न ११ मेला. नवरीला मांडवात मामाने आणायचे. होय म्हणालो. जाणारच. एसटीने दोन तास, त्यात काय.

२२ एप्रिल
हिने पूजेच्या फुलांसाठी लावलेल्या तगरीवर हिरव्या अळ्या. एक तर बोटाएवढी. रविवारच्या पुरवणीत चित्र आले होते : हिचा मोठा हिरवा पतंग होतो. कोल्हापुरात अजून कोणी नोंदवला नसणार. तगरीची पाने भराभर संपत आहेत. इलाज नाही.

२८ एप्रिल
मोठी अळी खाली उतरली. मातीसकट हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवली, झाकणाला भोके पाडली. कोष झाला की दहा-बारा दिवसांत पतंग. तो मोकळा सोडायचा आणि लगेच निघायचे. सगळे जुळून आले आहे.

९ मे
कोष तसाच. अक्काचा फोन, बॅग भरलीस का म्हणून. कोषाचे सांगितले. ओरडलीच. "तम्मा, पोरीच्या पाठीशी त्या किड्याला उभा करू व्हय?" मग पवित्रा बोलली. "मामा, मामी न्हाई म्हणून येत न्हाईस न्हवं?" तसे काही नाही, म्हणालो. लाइन खराब होती.

१० मे
बॅग घेऊन फाटकापर्यंत गेलो. कडी गंजली आहे, निघेना. तेल घालायला हवे. तेवढ्यात कोष हलल्याची शंका आली. अशा वेळी जाणे बेजबाबदारपणाचे. बॅग रिकामी केली, नाहीतर शर्टाला सुरकुत्या पडतात.

११ मे, दुपार
अक्षता पडल्या असतील. कोष हलला नाही. हंबीरराव ओरडले, "पावणं, भाचीचं लगीन आज की! हितं काय करताय?" मी तगरीमागे उभा होतो. पाने नसल्यामुळे दिसलो.

१४ मे
कोषाला भोक. पतंग नाही. बाटलीत माशा, साध्या घरमाशांसारख्या. पतंगाला आतूनच खाल्ले असणार. झाकण काढले. गेल्या.
अक्काला फोन केला. नवरीला मांडवात कोणी आणले, ते विचारले. "कुणी न्हाई. मामाच्या जागंवर कुणाला उभंच राहू दिली न्हाई पोरगी. एकटीच चालत आली." बरं, म्हणालो.

१५ मे
बल्ब काढला. चादर धुतली. दुपारपर्यंत वाळली. घडी घालताना दुसरे टोक ही धरायची. ते खिळ्याला अडकवले आणि मागे सरकलो. कोपरे जुळले नाहीत. उलगडून परत घातली. तशीच कपाटात ठेवली.