चालू मशीनची पूजा

शहापूर, बेळगाव
७ डिसेंबर १९८९

चि. रवळू,

तुला आशीर्वाद लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. हात सवयीने लिहू पाहतो, म्हणून त्याला थांबवलं आहे.

कडोलीला आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते, आणि परवा मिरच्या काढायला माळ्यावर चढली होती. यंदा रताळी चांगली आली. सदलग्यात तुझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बरं चालतं, हे तिच्याकडूनच कळतं. माझ्याबद्दल तू कधी काही विचारत नाहीस, हेही तीच सांगते.

दोन भाऊबिजा तू आला नाहीस. पहिल्या वेळी मी डायरीत लिहिलं होतं, 'मनात काही असल्याशिवाय माणूस तोंड चुकवत नाही.' काल ते पान वाचलं. वाक्य बरोबर आहे. माणूस चुकीचा धरला होता.

निपाणीच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी तू अर्ज केलास. त्यांनी आमच्या विणकर सोसायटीला विचारलं आहे की सदर इसमास कामावरून का काढलं. पत्र माझ्याच टेबलावर आलं, कारण सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार मी बघते. शनिवारपर्यंत उत्तर गेलं नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाईल.

आता मागचं क्रमाने लिहिते. तुला ते माहीत आहे, तरी लिहिते. कारण मी लबाडी केली ती क्रमातच केली.

साडीचे काठ पडद्यावर रंगात काढता यावेत म्हणून सोसायटीने कॉम्प्युटर घेतला आणि मीच तुला त्यावर लावलं. रंग उमटवणारं ते ग्राफिक्स कार्ड नवं असल्यापासून कधीकधी रुसायचं. मग तू ते काढून, पेन्सिलीच्या खोडरबराने दात पुसून परत बसवायचास. एकदा मी विचारलं आणि तू सांगितलेलं सगळं डायरीत उतरवलं. बटण बंद करायचं. भिंतीतला प्लग काढायचा. पडद्याची वायर सोडायची. कॉम्प्युटरच्या पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा. एकच स्क्रू काढून कार्ड दोन्ही टोकांना धरून सरळ वर घ्यायचं, वाकडं ओढायचं नाही. मागाच्या फणीसारखे जे सोनेरी दात असतात, त्यांना बोट लावायचं नाही. खाली तुझे शब्द जसेच्या तसे आहेत : 'आक्का, आदी मशीन मेलं पायजे, मगच हात.'

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला चेअरमन यल्लाप्पा म्हणाले, माग जसा धाग्यासकट पुजतो तसं मशीनही चालूच पुजायचं. दसऱ्याच्या सकाळपर्यंत बटणाला कुणी हात लावायचा नाही. तू नको म्हणालास. त्यांनी तुला हसून गप्प केलं. तू पडद्यावर कोयरीच्या काठात स्वस्तिक काढून ठेवलंस आणि आईकडे कडोलीला गेलास. मी पेटीला हळदकुंकू वाहिलं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर पडदा थरथरायला लागला. स्वस्तिक फाटलं, आडव्या रेघा आल्या. पूजेतलं मशीन पूजेतच बंद पडलं, असं होऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुझा स्क्रूड्रायव्हर खणात होता. सगळ्या पायऱ्या मला पाठ होत्या. मी पहिल्या दोन गाळल्या. बटणाला हात लावायचा नव्हता ना.

'टक' असा आवाज झाला. जळका वास आला. पेटीतला पंखा फिरत होता, म्हणून मी मनाला समजावलं की काही झालेलं नाही. कार्ड परत बसवलं. पडदा काळा तो काळाच.

इथपर्यंत चूक होती. पुढचं चूक नाही.

दसऱ्यानंतर तू पेटी उघडलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "चालू मशीनमधनं वडलंय कुनीतरी. दाताला हळद हाय बगा." यल्लाप्पांनी कार्ड न बघताच तुझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून, डायरीत काही आहे का, असं विचारलं. माझी डायरी म्हणजे सोसायटीत पंचनामा. मी वाचून दाखवलं की महिनाभरापूर्वी तू हेच कार्ड पिशवीत घालून कोल्हापूरला तपासायला नेलं होतंस आणि तिसऱ्या दिवशी आणलंस. यल्लाप्पा म्हणाले, "नेलं एक आन् आनलं दुसरंच. जुनं-बिनं गळ्यात मारलं असंल."

मी खोटं एक अक्षर वाचलं नाही. यावर मी बरेच महिने जगले.

त्यानंतर तुझं सगळंच मला संशयाचं दिसू लागलं. तू नवं घड्याळ घेतलं होतंस, तेही मी टिपून ठेवलं. तू चोर ठरलास तर माझ्या हातात जळलं ते आधीच मेलेलं कार्ड ठरणार होतं. मी तुझ्यावर संशय घेतला नाही, रवळू. मला त्याची गरज होती.

कार्डाच्या पाठीवर नंबर आहे. बिलातही आहे. बिल माझ्याच फाईलला होतं. ते मला तेव्हा सुचलं नाही, असं लिहिणार होते. सुचलं होतं. ज्यावरून मंडळाने तुला काढलं ते तुझ्याविरुद्धचं टिपण लिहिण्याआधी मी दोन्ही नंबर शेजारी ठेवले. जुळले. कार्ड बदललेलं नव्हतं. मी फाईल बांधली आणि टिपण लिहिलं.

खोली झाडणारी तानीबाई त्या दुपारी व्हरांड्यात होती. चहाचा कप ठेवताना ती माझ्या बोटांकडे बघते, असं मला वर्षभर वाटत राहिलं. तिला गोदामात पाठवायचा अर्जही लिहून ठेवला होता. सोमवारी न राहवून विचारलं.

"बगितलं की," ती म्हणाली. "कार्ड धरून हुबारल्यासा. बोटं पिवळी."

मग बोलली का नाहीस, म्हटलं.

"माझं कोन ऐकतंय? आन् तुमी त्येची आक्का. वाटलं, आज बोलशीला, उद्या बोलशीला."

काल मी निपाणीला खरं उत्तर लिहिलं. यल्लाप्पांनी त्यावर सही केली. पण सोबतचा माझा कबुलीजबाब तेवढा मागे घ्या म्हणाले, नाहीतर मंडळासमोर तुमच्याच नोकरीचा विषय येईल. मी घेतला नाही. दोन्ही पत्रं रजिस्टर पोस्टाने गेली. नकला आणि पोस्टाची पावती सोबत आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पावतीचा नंबर घेऊन कॉलेजात चौकशी कर.

एक विचारायचं राहिलं. ते मेलेलं कार्ड मी परवा उजेडात धरलं. हळदीचा ठसा अजून आहे आणि त्यात आडवी रेघ आहे. माझ्या बोटावरची विळ्याची खूण तुला माहीत आहे. बांधावर गवत कापताना झाली, तेव्हा रक्त थांबवायला पाला चावून तूच लावला होतास. त्या दिवशी कार्ड हातात धरून तू सगळ्यांकडे बघितलंस, फक्त माझ्याकडे नाही. तू तेव्हाच ओळखलं होतंस का? आणि ओळखूनही चोर म्हणवून घेऊन घरी गेलास का? या एका संशयाने मला झोप नाही, आणि तो खोटा ठरावा असं वाटत नाही.

माझी सही तू एकदा बघितली आहेस, त्या टिपणाखाली. म्हणून इथे सही करत नाही. हळदीत बुडवून तेच बोट उमटवलं आहे. रेघ बघ.

ओळख पटली, तर तुझी
आक्का