हँडलने लगेच, सेल्फने नाही

सिस्टर, आरेच्या रस्त्यावर तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि म्हणाला होतात, घाई नाही, विचार करून सांग. त्याचं उत्तर मला परवा सापडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या त्या वेळच्या वयापेक्षा आता मीच मोठी आहे. तरी लिहिते आहे, आणि मराठीतच लिहिते आहे. पत्र कसं लिहायचं ते तुम्ही आम्हाला वर्गात इंग्रजीतून घोटून शिकवलंत, समास किती सोडायचा ते पट्टीने दाखवलंत. पण गाडीपाशी आपण दोघी जे बोललो ते सगळं मराठीत होतं, त्यामुळे हे मला दुसऱ्या भाषेत सांगताच येणार नाही.

सुरुवात शिक्षेपासून झाली होती. वर्गात मराठी बोलले म्हणून भूगोलाच्या टीचरनी मला व्हरांड्यात उभं केलं होतं. समोर आवारात शाळेची ती गोल पाठीची गाडी उभी आहे, जिला तेव्हा सगळी मुंबई डुक्कर म्हणायची, आणि तिच्या उघड्या बॉनेटमध्ये एक पांढरा झगा कमरेपर्यंत बुडालेला आहे. गाडीत कोणी कपडे वाळत घातलेत की काय, असं मला क्षणभर वाटलं. मग तुम्ही वर आलात. हातात जुन्या झग्याच्या कापडाचे शिवलेले हातमोजे, कारण तास संपला की पुन्हा खडू धरायचा आणि आमची नखं तपासायची. ज्या बाईने आमची नखं तपासायची तिच्या नखात ग्रीस असून कसं चालेल? मला बघून म्हणालात, "उभीच राहायचंय ना? मग इथे येऊन राहा. टॉर्च धर." मी भीत भीत विचारलं, इथे मराठी चालेल का. तुम्ही पुन्हा बॉनेटमध्ये वाकत म्हणालात, "गाडीला इंग्लिश येत नाही."

तुमचं मराठी वसईचं होतं, आमच्या घरच्या मालवणीपेक्षा वेगळ्या चालीचं, पण मला ते ऐकून इतकं हायसं वाटलं की मी टॉर्च इंजिनाऐवजी तुमच्या तोंडावर धरला. जोगेश्वरीच्या आमच्या दोन खोल्यांत कोणाकडे साधी सायकल नव्हती. बाबा गिरणीत, आई घरी शिवणकाम करायची. गाडी म्हणजे रस्त्यावरून जाताना अंगावर चिखल उडवणारी वस्तू, एवढीच माझी ओळख. तिला आतून काही असतं, आणि ते आतलं एखादी बाई जाणू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि मग तुम्ही मला ठिणगी दाखवलीत. गाडी शेडमध्ये ढकलून घेतली, दार ओढून अंधार केला, एक प्लग काढून त्याला वायर परत जोडली आणि तो इंजिनाच्या लोखंडावर टेकवून ठेवला. मला म्हणालात, डोळ्याची पापणी हलवू नकोस. तुम्ही आत बसून सेल्फ मारलात. सेल्फ म्हणजे स्टार्टर, हा शब्दही मला तेव्हाच मिळाला. आणि प्लगच्या टोकाशी टिक् करून एक निळी रेघ उमटली. तिळाएवढी. पुन्हा एक. पुन्हा एक. मी चर्चमध्ये कधी गेले नव्हते, आणि देवळात गेले की माझं लक्ष प्रसादाकडे असायचं. पण त्या अंधारात मी आपोआप हात जोडले होते. तुम्ही ते पाहिलंत आणि हसला नाहीत. एवढंच म्हणालात की याच्यावरच सगळी गाडी चालते, बाकी सगळा पसारा ही एवढीशी वेळेवर पडावी म्हणून.

त्यानंतर मी मुद्दाम मराठी बोलायला लागले. टीचरना वाटलं, मुलगी हाताबाहेर गेली. पावसाळ्यात प्लग ओले व्हायचे, तेव्हा ते घेऊन मी तुमच्यामागून बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात यायचे. भाताच्या मोठ्या पातेल्याशेजारी तव्यावर चार प्लग तापत ठेवलेले, आणि आचारीणबाई म्हणते आहे, सिस्टर, आता हे पण मुलींना वाढू का? तुम्ही गंभीरपणे सांगता आहात, नको, आधी उलटून घे, एका बाजूने कच्चे आहेत.

तुमचा ओरडा मात्र मी विसरले नाही. एका सकाळी गाडी लागत नव्हती. तुम्ही घंटा द्यायला गेलात तेवढ्यात मी शहाणपणा करून प्लग पुसले, आणि लगेच पेट्रोलच्या पंपाची खालची दांडी हाताने हलवून कार्बोरेटरही भरला. तुम्ही येऊन सेल्फ मारलात आणि गाडी चालू झाली. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही विचारलंत काय काय केलंस, आणि ऐकल्यावर गाडी बंद केलीत. "कशामुळे चालू झाली?" मला सांगता येईना. "मग चालू झालीच नाही असं समज. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग थांबून बघायचं. दोन बदललीस तर गाडी मिळेल, पण कळणार काहीच नाही." मी रडले. पुढे आयुष्यभर, लोणच्याच्या मिठापासून मुलाच्या तापापर्यंत, मी एका वेळी एकच गोष्ट बदलत आले. घरचे मला संथ म्हणतात.

आता आरेचा दिवस. बोर्डिंगच्या मुलींसाठी जास्तीचं दूध आणायचं होतं आणि कॅन धरायला तुम्ही मला बरोबर घेतलंत. उलट्या बाजूने उघडणारं ते दार, गवताचा आणि गोठ्यांचा वास, दोन्ही बाजूंनी झाडी, आणि माझ्या मांडीशी गार पडलेला कॅन. परत निघताना गाडी लागेना. सेल्फ फिरतोय, दमल्यासारखा, पण इंजिन काही पकडत नाही. तुम्ही खाली उतरून डिकीतून हँडल काढलंत, पुढच्या भोकात घातलंत, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, उलटा झटका आला तर मोडतो, हे मला दाखवलंत आणि एक वेढा दिलात. लगेच चालू. एका गोठ्यावरचा भैया टाळ्या वाजवायचाच बाकी होता. वाटेत पहिला चढ संपेपर्यंत तुम्ही इंजिनाचा आवाज ऐकत होतात. मग म्हणालात, "हँडलने लगेच होते आणि सेल्फने नाही, हे हल्ली नेहमीचंच झालंय. इंजिन तेच, पेट्रोल तेच, ठिणगी तीच. मग असं का? घाई नाही. विचार करून सांग."

मी खूप विचार केला, पण मला काही सुचलं नाही. त्याच वर्षी तुमची बदली झाली, नन्सच्या होतात तशी, आम्हाला कळेपर्यंत तुमच्या खोलीत दुसऱ्या सिस्टरची पेटी आली होती. काही वर्षांनी माजी विद्यार्थिनींच्या चहाला कोणीतरी, बिस्किट उचलता उचलता, सांगितलं की तुम्ही गेलात. मी तोपर्यंत मुलुंडला बँकेत होते, लग्न झालं होतं. चहा थंड झाला एवढंच आठवतं.

मागच्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर फोटो आला. हल्लीच्या मुख्याध्यापिका, त्याही सिस्टरच, पण वयाने माझ्या मुलीसारख्या, त्यांनी टाकला होता. शेड पाडायची आहे, गाडी भंगारात द्यायची आहे, कोणाला शेवटचं बघायचं असेल तर या. मी फोन केला. त्या म्हणाल्या, आँटी, मलाही वाईट वाटतंय, पण ही गाडी कायम उतारावर ढकलून चालू करायचे, आता नव्या इमारतीत उतारच गेला, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी घातली, प्लग घातले, कॉइल घातली, कार्बोरेटर साफ केला, तरी ढर्र ढर्र करते आणि लागत नाही. मी विचारलं, सगळं एकदमच बदललं का? हो म्हणाल्या. शेवटी ठरलं असं की परवा दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो यायचा होता, तोपर्यंत गाडी सेल्फवर चालू झाली तर राहील, नाही तर जाईल.

परवा शाळेत गेले, तर शेडच्या दाराला अडसर म्हणून काय लावलं होतं माहीत आहे? आपलं हँडल. मी ते काढून हातात घेतलं आणि माझा अंगठा आपोआप बोटांच्या बाजूला गेला. या नव्या सिस्टरना गाडीत बसवलं. दार ओढून अंधार केला, प्लग काढून इंजिनावर टेकवला, म्हटलं मारा सेल्फ. ठिणगी पडली, पण पिवळट, मरगळलेली. मग सेल्फ बंद ठेवून फक्त चावी चालू ठेवायला सांगितली आणि मी स्वतः हँडल फिरवलं. गुडघ्याने शिव्या दिल्या. पण प्लगवर टिक् करून तीच निळी रेघ, तिळाएवढी. मी अंधारात तशीच उभी राहिले. तुमचा प्रश्न मी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते. ठिणगी तीच, असं तुम्ही म्हणाला होतात. ती तीच नव्हती, सिस्टर. सेल्फ फिरत असताना ती वेगळी होती.

पण का, ते अजून कळेना. आम्ही पुन्हा पुन्हा सेल्फ मारून बघितला. बाहेर टेम्पो येऊन थांबल्याचा आवाज आला. सिस्टर आतून म्हणाल्या, "आँटी, एक विचारू? हसू नका. हा चोक एवढा गरम असतो का?"

मी आत हात घालून चोकची घुंडी धरली, थंड गाडी चालू करताना ओढतात ती. चहाच्या कपाइतकी गरम. थंड इंजिनाच्या, जेमतेम फिरलेल्या गाडीत, नुसत्या ओढायच्या तारेच्या टोकाला. आणि मला सगळं एकदम दिसलं, जसं तुम्ही फळ्यावर काढून दाखवायचात. करंट बॅटरीतून निघतो आणि त्याला परत यावं लागतं. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी असते, तोच त्याचा परतीचा रस्ता. तो रस्ता गंजून बंद होत आला असेल तर सेल्फचा एवढा मोठा करंट जाणार कुठे? मिळेल त्या फटीतून. इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत गेलेल्या चोकच्या बारीक तारेतून. ती तापणार, सेल्फ दमणार, आणि ठिणगीच्या वाट्याला उरलंसुरलं येणार. हँडल मारलं की सेल्फची ओढच नाही, मग ठिणगीला सगळं मिळतं.

टेम्पोवाल्याला सिस्टरनी चहा दिला. मी चटई टाकून गाडीखाली झोपले, साडी सांभाळत. पट्टी होती, तिचा बोल्ट गंजून हिरवा-काळा झालेला. मी तो सोडवला, पॉलिश पेपरने लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, परत आवळला. त्याशिवाय कशालाही हात लावला नाही. सिस्टरनी सेल्फ मारला. एकदा. गाडी अशी लागली की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. सिस्टर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होत्या. मग बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, ही चालू आहे, ही नाही मिळणार. मोडकी बाकं आहेत, ती न्या."

घरी आल्यावर मी हात धुवायला गेले आणि नखांत ग्रीस बघून मला तुमचे हातमोजे आठवले. चोक कायम तुम्हीच ओढायचात, आणि हातमोजे घालून. तुमच्या बोटांना तो कधी गरम लागलाच नसणार. इतकी वर्षं मी समजत होते की उत्तर तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही माझी परीक्षा घेत होतात, आणि मी नापास झाले. पण माहीत असतं तर तुम्ही तो बोल्ट दुसऱ्या दिवशीच घासला असतात. दुखणं माहीत असून गाडी तशीच ठेवणाऱ्यांतल्या तुम्ही नव्हतात. म्हणजे, सिस्टर, तुम्हालाही माहीत नव्हतं. व्हरांड्यात उभ्या केलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या, गिरणी कामगाराच्या मुलीला तुम्ही खरोखर विचारत होतात, एकीने दुसरीला विचारावं तसं. ही गोष्ट मनात आली तेव्हा मी बेसिनपाशी नळ तसाच चालू ठेवून उभी राहिले. माझ्याकडे इतक्या विश्वासाने आधी कोणी काही मागितलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

उत्तर उशिरा दिलं, पण तुम्हीच घाई नाही म्हणाला होतात. हे पत्र मी कुठेच टाकणार नाही, गाडीच्या डिकीतही नाही, तिथे उंदीर आहेत. एक सांगायचं राहिलं. टेम्पो बाकं घेऊन गेल्यावर सिस्टर घंटा द्यायला गेल्या. चालू असलेल्याला हात लावायचा नाही हे मला माहीत आहे. तरी मी गाडी बंद केली, दार ओढून घेतलं आणि प्लग पुन्हा काढला. काहीही तपासायचं नव्हतं. हँडल फिरवून मला ती निळी रेघ फक्त आणखी एकदा बघायची होती.