फाट्यावरचा हायमास्ट

१६ जून, रविवार
ऐतिहासिक दिवस. आमच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून, गावच्या फाट्यावर, आज आठ दिव्यांचा उंच हायमास्ट लागला. दोन वर्षांच्या माझ्या पाठपुराव्याला यश. अमरावतीहून उठून तालुक्याला, चांदूर रेल्वेला जायचं आणि साहेबांच्या टेबलासमोर ताटकळत बसायचं, हे काही खायचं काम नाही. खांबाखाली बोर्ड आहे : 'विशेष सहकार्य : श्री. देवानंद ढोले, प्रयोगशाळा सहायक.' अक्षरं बारीक आहेत, पण लाइट भरपूर असल्यामुळे वाचता येतात. तीनदा वाचून पाहिली.

किशोर, म्हणजे आमचा धाकटा भाऊ, चारही एकर तोच वाहतो. मी नोकरी सांभाळून मार्गदर्शन करतो. तो म्हणे, "दादा, रातभर एवढा उजीड, वावराले काही त्रास तं नाही होनार?" मी म्हणालो, पिकाला काय डोळे असतात? सगळे हसले. किशोरही हसला.

संकल्प : रोज डायरी लिहिणे. दर रविवारी शेत.

७ जुलै
रोज जमलं नाही. शाळा सुरू झाली, त्यात पाऊस.

सोयाबीन मस्त उगवलं. सकाळी हायमास्टखाली मेलेल्या पाखरांचा आणि पतंगांचा सडा, त्यावर कावळ्यांची पंगत. म्हणजे फवारणी वाचली! हे अजून कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. किशोरचं भलतंच : नाल्यावर यंदा काजवे दिसले नाहीत म्हणे. खरा लाइट आल्यावर काजव्यांची गरज काय?

२१ जुलै
मागच्या बाजूनं रानडुकरं शिरली. लगेच निर्णय घेतला. दोन मोठे एलईडी फोकस आणून पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर बसवले. आता चारही एकर उजेडात.

रात्री विचार केला. झाड उजेडात अन्न तयार करतं. उजेड डबल केला तर अन्न डबल. कारखान्यात नाइट शिफ्ट असते, शेतात का नसावी? आरतीला समजावून सांगितलं. ती म्हणे, "तुमाले साधा झिरोचा बल्ब असला तं झोप येत नाही, अन् त्या झाडायले येत असन काय?"

संकल्प : बायकोला विज्ञान समजावणे बंद.

१५ ऑगस्ट
शाळेत ऐनवेळी वक्ते आले नाहीत म्हणून हवामानबदलावर मी बोललो. वीज वाचवा, कोळसा वाचवा, पृथ्वी वाचवा. टाळ्या पडल्या. शाळेवर तीन रात्री तिरंगी लाइटिंग आहे, फोटो सुंदर आले.

दुपारी शेत. शेजारच्या पुंजाजीचं सोयाबीन गुडघ्याएवढं, जांभळ्या फुलांनी भरलेलं. आमचं कमरेला लागलं. हिरवंगार, काळपट हिरवं. पुंजाजी धुऱ्यावर उभा राहून बघतच बसला. "काय झाड हाय बाप्पा!" मी म्हणालो, संशोधन आहे, पुढच्या वर्षी सांगेन. किशोर मधूनच म्हणे, "पन दादा, फूल कुठी हाय?" या मुलाला धीर म्हणून नाही. मोठ्या झाडाला मोठा वेळ लागतो.

२ सप्टेंबर, पोळा
सणाच्या दिवशी मूड गेला. मोटारीच्या खोलीवरच्या दोन्ही फोकसच्या तारा कोणीतरी तोडल्या. जळणारे लोक असतातच. मी पोलिसात जायला निघालो, तर किशोरनं अडवलं. "जाऊ द्या ना दादा, सणासुदीचं कायले?" भोळा आहे.

किशोरची बायको सांगत होती की टिटवी रात्रभर ओरडते आणि कोंबडा कधीही आरवतो. कोंबड्यात दोष असेल.

संकल्प : नवे फोकस. (या महिन्यात नाही.)

२२ सप्टेंबर
पुंजाजीचं पिवळं पडलं, शेंगा खुळखुळायला लागल्या. आसपासची सगळी वावरं पिवळी. आमचं मधोमध हिरवं. खरं सांगायचं तर रोडवरून दिसायला फार छान दिसतं. एका मोटारसायकलवाल्यानं सेल्फी काढली.

मागच्या दोन एकरांत थोडी फुलं आणि बारीक शेंगा आल्यात. पुढच्या, रोडकडच्या दोन एकरांत काहीच नाही. मागे आली म्हणजे पुढेही येणारच. किशोर आता विचारत नाही. नुसता धुऱ्यावर बसून असतो. त्याचं हे सगळं वर्ष या वावरात आहे. माझा पगार एक तारखेला होतो, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. आज का आठवलं कोण जाणे.

निर्णय : अकोल्याला कृषी विद्यापीठात झाड घेऊन जायचं. तज्ज्ञांपुढे प्रयोग मांडायचा.

२७ सप्टेंबर
अकोला. झाड पोत्यात घालून नेलं, बसमध्ये दोन सीट लागल्या. किशोर सोबत. मी दोन पानांचं निवेदन तयार केलं होतं. तिथल्या तज्ज्ञ मॅडमनी झाड हातात घेतलं आणि निवेदन सुरू व्हायच्या आधीच विचारलं, शेताजवळ रात्री लाइट असतो का?

त्या म्हणाल्या, सोयाबीनला रात्र लागते. रात्र मोठी होत चालली हे त्याला कळलं की ते फुलावर येतं. तुमच्या झाडाला रात्र झालीच नाही. ते अजून उन्हाळ्यातच आहे. आणि पिकाचंच काय, पाखरं, पतंग, काजवे, सगळ्यांचंच असं झालंय, गावोगावी. मी विचारलं, आता उपाय? त्या म्हणाल्या, अंधार.

निवेदन परत आणलं.

परतीची बस. बडनेरा आल्यावर किशोर म्हणाला, "त्या तारा म्याच तोडल्या व्हत्या." मग खिडकीबाहेर बघत, "दादा, डोये असतेत म्हने पिकाले."

२ ऑक्टोबर, ग्रामसभा
ठराव मांडला : हायमास्ट रात्री दहानंतर बंद ठेवावा. आधी सगळे हसले. मग बायकांतून आशाबाई उठल्या. "आमच्या पोरी टेलरिंगच्या क्लासहून अंधारात फाट्यावर उतरत, तवा तुमी अमरावतीत पंख्याखाली असत. आता उजीड आला तं बंद करा म्हनता?" त्या खोटं बोलत नव्हत्या.

मग मी म्हणालो, निदान आमच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावा. ग्रामसेवक म्हणे, तशी तरतूद नाही. बंद करायचं बटनही नाही, ऑटोमॅटिक आहे. वर सरपंच म्हणाले, "देवानंदभाऊ, बोर्डावर तं तुमचंच नाव हाय." पुन्हा हसले. किशोर हसला नाही.

संकल्प : चांदूरला लेखी तक्रार.

१२ ऑक्टोबर, दसरा
पुंजाजीचं सोयाबीन बाजारात गेलं. मागच्या दोन एकरांत किशोरला पसाभर मिळालं. पुढचं हिरवंच कापलं आणि पुंजाजीच्या बैलांपुढे टाकलं. बैलांनी आवडीनं खाल्लं. मी किशोरला सोनं द्यायला गेलो. त्यानं आपट्याची पानं घेतली, पाया पडला आणि वावराकडे निघून गेला. मला फार वाईट वाटलं.

१८ ऑक्टोबर
तक्रारीचं काय झालं म्हणून फोन केला. आचारसंहिता लागली म्हणे. लाइट बंद करण्याचा आणि निवडणुकीचा संबंध काय? त्यांनी फोन ठेवला.

३ नोव्हेंबर, भाऊबीजेचा दिवस
तक्रारीची दखल घेतली गेली! 'हायमास्टबाबत तक्रार' एवढंच वाचून माणूस शिडीची गाडी घेऊन आला. आठांपैकी एक दिवा बिघडलेला होता, तो बदलून गेला. आता आणखी लख्ख पडतो.

१० नोव्हेंबर
किशोरनं वाटणी मागितली. भांडण नाही, आवाज नाही. म्हणाला, "मोठ्याचा मान पयला. रोडकडचं, उजिडाचं तुमी घ्या. मागचं अंधाराचं मले द्या." तलाठी म्हणाले, रोड टच म्हणजे तुम्हीच फायद्यात.

माझ्या तुकड्यात पुढच्या पावसाळ्यात काय पेरावं? तूर म्हणालो, तर अकोल्याच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, तुरीलाही रात्र लागते.

संकल्प : सुचला नाही.

१७ नोव्हेंबर, रात्री आठ
बोर्डाच्या ओट्यावर बसून लिहितोय. लाइट इतका आहे की चष्मा लागत नाही. शेतीची लाइन सध्या रात्रीच असते, त्यामुळे किशोर मागं हरभऱ्याला पाणी देतोय. मला तो दिसत नाही, नुसता टॉर्च हलताना दिसतो. मी त्याला स्वच्छ दिसत असणार. दोनदा टॉर्च माझ्या दिशेला थांबला. हाक येईल म्हणून मी पेन खाली ठेवलं.

टॉर्च पुढच्या सरीला गेला.