मागची गल्ली

४ मार्च ७४
सकाळी सोलापूर. ट्रंक, वळकटी, नाशिकच्या ट्रेनिंगमधले बूट. शुक्रवार पेठेत माडीवर खोली मिळाली. खिडकीतून विणकरांच्या मागांचा आवाज. लहानपणीचाच.
अर्जात मूळ गाव इचलकरंजी लिहिलं होतं. सोलापूर लिहिलं असतं तर सोलापूर मिळालं नसतं; स्वतःच्या गावी नेमणूक देत नाहीत.

५ मार्च
ठाण्यात हजर झालो. फौजदार म्हणून पहिला दिवस.
हवालदार बिराजदार अजून इथेच आहे. पोट सुटलंय, मिशा पांढऱ्या. सलाम केला. मी तो उशिरा घेतला.
नायनांना, माझ्या वडिलांना, यानेच नेलं होतं. सूत चोरल्याचा आळ. हात बांधलेले, दोरीचं टोक याच्या मुठीत. अनवाणी, भर बाजारातून, ओळखीच्या प्रत्येक दुकानासमोरून. चोर दुसराच निघाला. तेव्हा हा म्हणाला, "जावा घरी." आम्ही गावच सोडलं.
नायना अजून बाजारात जात नाहीत. भाजी आई आणते.

९ मार्च
बि.ला रोज दुपारी गेटवर उभा करतो. ऊन. कारण सांगत नाही.
शिपाई शेख त्याला म्हणाला, "नव्या साहेबाचं बूट चावाया लागलंय की हो, हवालदार."
"चावू दे. हळूहळू सैल हुतंय." मला ऐकू येईल असं.
उद्यापासून वेळ वाढवायची.

१४ मार्च
बि. आरोपीला बाजारातून नेत नाही. मागच्या गल्लीने नेतो, न बांधता, खांद्यावर हात टाकून. पाव्हणा पोचवायला निघाल्यासारखा. शेख म्हणाला, "लई वर्सांची सवय हाय साहेब. बेड्या पिशवीत ठिवत्यात."
आता सुचतंय त्याला.
नियमाविरुद्ध आहे. मी हटकलं नाही. एक ना एक दिवस कोणीतरी पळेलच. वाट पाहायची.

२२ मार्च
पळाला. सायकलचोर. कोर्टात नेताना गल्लीतली भिंत चढून. बि. एकटाच परत आला, धापा टाकत, गुडघा फुटलेला.
"गेला साहेब. हातचा गेला."
मी म्हणालो, "टोपी."
कसूर झालेल्याला साहेबापुढे टोपी-पट्टा उतरवून उभं राहावं लागतं. त्याने दोन्ही माझ्या टेबलावर ठेवलं. टक्कल आहे. माहीत नव्हतं.
बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२३ मार्च
वरून हुकूम. आरोपी निसटू दिल्याबद्दल बि.ला अटक, उद्या सकाळी मुख्यालयात हजर करायचं. नेण्याची व्यवस्था माझी.
शेखला सांगितलं : पायी. बाजारातून. दोरी लावून.
"गाडी हाय की, साहेब."
"पायी."
दुपारी इचलकरंजीला ट्रंककॉल लावला. शेजाऱ्यांनी नायनांना बोलावून आणलं. सगळं सांगितलं. वाटलं होतं, निदान हसतील.  ते म्हणाले, "दोरी कोण धरणार?"
मी म्हणालो, मी.
 कॉलची वेळ संपली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बि. बाकावर बसलेला. मी जवळून गेलो तर म्हणाला, "नर्सय्याचं पोर तुमी. पयल्याच दिशी वळखलं. चाल तीच हाय."
"मग बोलला का नाहीस?" त्याला अरेतुरे पहिल्यांदाच केलं.
"काय बोलू? दोरी धरून मागनं चाललो हुतो. त्यानं एकदाबी मागं वळून बगितलं न्हाय. अख्खा बाजार त्याच्याकडं बगत हुता, आन् मी त्याच्या पाठीकडं. तवापासनं मला बाजारातनं जमत न्हाय."
"माफी मागतोस?"
"न्हाय. मागून काय हुतंय. उद्या बाजारातनंच न्या मला. मागची गल्ली नगं."
माझं तेवढंही ठेवलं नाही. मी द्यायची ती शिक्षा त्याने मागून घेतली.
जेवलो नाही.

२४ मार्च, सकाळ
ठाण्यात बसून लिहितो आहे. शेख दोरी घेऊन दारात. काथ्याची, नवी. बि. बाहेर पायरीवर, बोडका. चपला काढून बाजूला नीट ठेवल्या आहेत. मी सांगितलं नव्हतं. हात पुढे धरून उभा आहे.
"कुटनं जायचं, साहेब?" शेखने दोनदा विचारलं.
थांब म्हणालो. बुटाची नाडी बांधायची आहे.
नायना आज घरीच असतील. मागाजवळ. दोरी अजून शेखच्याच हातात आहे.