पहारेकऱ्याची शेवटची ओळ

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय रडूबाईस,

दादाचा आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, तीही कुरकुरते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. दुकानात मोठा आरसा लावला. गिऱ्हाईकं चष्मा बाजूला ठेवून केसच नीट करत बसतात.

फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र. तुझी लेक क्लबातल्या कार्डांच्या खेळाच्या स्पर्धेत लागोपाठ हरते, घरी येऊन कार्डं कपाटात कोंबते, आणि आता म्हणते की डावपेच शिकवणाऱ्या त्या साइटची वर्गणी भर, नाहीतर मी खेळणंच सोडते. दादा दोन वर्षं भरतोय, त्यालाच विचारू, असं तुझ्या मनात आलं. बरोबर ना?

तर ऐक. निम्मा मजकूर बाहेर फुकट सापडतो. उरलेला चांगला असतो, खोटं कशाला बोलू? गड्डी कशी लावावी, समोरच्याचा रंग ओळखून कोणतं कार्ड राखून ठेवावं, हे ते लोक नीट सांगतात. उंटावरचे शहाणे नाहीत, स्वतः स्पर्धा खेळतात. पण नव्या कार्डांची पाकिटं बाजारात आली की जुना सल्ला शिळा होतो आणि वर्गणी चालूच राहते. शिवाय पी हळद नि हो गोरी, असं काही होत नाही. मी ढीगभर लेख वाचले आणि डाव खेळलो बोटांवर मोजण्याइतके. खेळू तरी कुणाशी? वहिनीला त्या कार्डांवरचे राक्षस पाहूनच मळमळतं.

मग का भरतोस, म्हणशील. वाचायला बसलो की आपली मधली खोली आठवते, म्हणून भरतो. माझा पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये, शाळेचं अख्खं वर्ष बुडालेलं, पलंगावर आडवी फळी, फळीवर कार्डं. समोर उंच स्टुलावर तू, पाय जमिनीला न टेकणारी. पलीकडे बाबा पुस्तकं बांधत असायचे. त्यांच्या खळीचा तो आंबूस वास कुठे आला तर मला अजून वाटतं, आता आपली पाळी.

माझं पहारेकऱ्याचं कार्ड आठवतं? कितीही वेळा मारला तरी पुढच्या पाळीला परत उभा. त्याच्या जिवावर मी वर्षभर एक डाव हरलो नाही. तू प्रत्येक वेळी भोकाड पसरायचीस, तेव्हापासून तर रडूबाई झालीस.

गेल्या महिन्यात साइटवर पहारेकऱ्याबद्दल लेख आला. म्हणे जुनं कार्ड आहे, संग्रहात ठेवायला बरं, खेळायला कमकुवत, कारण तो डावात एकदाच उठतो. माझं टाळकंच सरकलं. मी लिहिणाऱ्याला खरमरीत निरोप धाडला, की बाळा, तुझ्या जन्माआधीपासून मी हे कार्ड खेळतोय. त्याने अगदी नम्रपणे उत्तर दिलं, "काका, कार्डावरची शेवटची ओळ वाचता का?"

हे मला. आयुष्यभर लोकांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावणाऱ्या चष्मेवाल्याला.

कार्ड काढलं. त्याच्या तळाशी बाबांनी लावलेली कागदाची पट्टी आहे, कार्डाच्याच रंगाची. फाटलं होतं म्हणून जोडलं, असं ते म्हणाले होते. मी किटलीची वाफ देऊन पट्टी सोडवली. खाली कार्ड कुठेही फाटलेलं नाही. नुसती एक ओळ आहे: डावात एकदाच.

मग एकेक आठवत गेलं. ते कार्ड मिळालं त्याच्या आदल्या दिवशी मी तुझ्याकडून डावावर डाव हरलो होतो. गड्डी पलंगाखाली भिरकावली, भिंतीकडे तोंड केलं, जेवलो नाही. दाराबाहेर आई बाबांना म्हणाली होती, "पाय बरा होईल हो, पण पोरगा बरा होईल का?" दुसऱ्या दिवशी बाबा ते कार्ड घेऊन आले. तुझ्याच पाकिटात निघालेलं होतं, माझ्या हाती आलं ते पट्टीसकट. आणि त्यांच्यामागे खळीची वाटी धरून तू उभी होतीस.

तुला माहीत होतं. सापशिडीतसुद्धा हरणं न सोसणारी पोर, वर्षभर मूग गिळून हरत राहिलीस. आणि ते रडणं? खोटं होतं, की खरंच रडायचीस? आई-बाबा आता नाहीत. विचारायला तूच उरली आहेस, आणि फोनवर माझ्या तोंडून हे निघालं नसतं.

मागच्या सुट्टीत मी तुझ्या लेकीसमोर छाती फुगवून म्हणालो, पहारेकरी हाती आल्यावर तुझी आई मला एकदाही हरवू शकली नाही. तू हसलीस, कप गोळा केलेस आणि आत गेलीस. दुकानात काचा पुसताना मला ते हसू दिसतं आणि हात थांबतो. फार लाज वाटते गं. आणि लाजेपेक्षा जास्त, तुझ्याबद्दल माया वाटते.

असो. पोरीला तीन महिन्यांची वर्गणी भरून दे. शिकेल, हुशार आहे. पण वाचून झालं की तिच्यासमोर तू बस. मुद्दाम हरू मात्र नकोस, तिला लगेच कळेल. ती मामावर गेलेली नाही.

पुढच्या सुट्टीत मी येतोय. माझ्याशी एक डाव खरा खेळ. मी हरणार हे मला ठाऊक आहे, त्यासाठीच येतोय.

सोबत पहारेकरी पाठवतोय, तो पोरीला दे. त्याची शेवटची ओळ आता स्वच्छ वाचता येते. पट्टी माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. ती मी कुणाला देणार नाही.

तुझ्याकडून हरायचा राहिलेला,
दादा