दोनशे बारा सह्या आणि एक मोडलेलं वल्हं

मंगफ, कुवेत
सोमवार, संध्याकाळी साडेसात

तीर्थस्वरूप बाळासाहेबमामांना चारुताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा मनाने समजावा, मी खुर्चीत बसून टाइप करते आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नसणार, तेव्हा त्याबद्दल विचारत नाही. मामींचा रक्तदाब आणि कृष्णेचं पाणी दोन्ही आटोक्यात असावं. इकडे मी ठीक आहे. गेले तीन दिवस धूळ आहे, बाकी सांगण्यासारखं हवामान नाही.

सांगण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे तुमचे धाकटे बंधू. अनुपमामा यंदा इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले हे तुम्हाला माहीत आहे (त्यांनी स्वतःचा हार घातलेला फोटो तुम्हाला चार कोनांतून पाठवला होता). मी अर्दियातल्या केबल कंपनीत काम करते हेही माहीत आहे, पण तुम्ही सांगलीत सगळ्यांना "भाची टीव्हीवर असते" असं सांगता, म्हणून खुलासा करते: मी टीव्हीवर नसते. कुवेतमधल्या काही हजार घरांत कोणता चॅनेल किती स्वच्छ पोहोचतो आणि किती वेळ पाहिला जातो, ते मोजणाऱ्या खोलीत असते. खोलीला खिडकी नाही.

आमच्याकडे ३१७ क्रमांकावर एक चॅनेल आहे. त्यावर चोवीस तास ॲनिमे लागतं, म्हणजे जपानी चित्रमालिका (अनुपमामांच्या आर्यनसमोर कार्टून म्हणू नका, तो पुण्याहून फोन करून वाद घालेल), आणि ती सगळी तागालोग भाषेत, म्हणजे फिलिपिन्सच्या लोकांच्या. इथे नर्सेसपासून दुकानांपर्यंत फिलिपिनो मंडळी खूप आहेत, त्यामुळे चॅनेल चालतो. जपानी मुलं तागालोगमध्ये रडतात आणि कुवेतमध्ये कोणाला त्याचं काही वाटत नाही. मला स्वतःला असल्या गोष्टींत रस नाही. मी फक्त सिग्नल पाहते.

अनुपमामांना मात्र त्याचं फार वाटलं. मंडळाच्या कुणाच्या तरी मुलीने आजीला "सालामात" म्हणून धन्यवाद दिले आणि मामांना अध्यक्षपदाचं कार्य सापडलं. बैठकीत त्यांनी जाहीर केलं, "धिस इज अ क्वेश्चन ऑफ अवर आयडेंटिटी." मग ३१७ बंद करून त्या जागी मराठी चॅनेल द्यावा असा अर्ज इंग्रजीत लिहिला. (मराठी चॅनेल आमच्याकडे आधीच तीन आहेत. मंडळाच्या घरांत ते सरासरी दिवसाला अकरा मिनिटं चालतात. त्यातली आठ मिनिटं राशिभविष्याची.)

सह्या गोळा केल्या स्नेहसंमेलनात, मसालेभाताच्या रांगेत. टेबल ताटांच्या अलीकडे ठेवलं होतं, त्यामुळे सही केल्याशिवाय ताटापर्यंत पोहोचता येत नव्हतं. दोनशे बारा घरांच्या सह्या झाल्या. अर्ज एकाही माणसाने वाचला नाही, पण मठ्ठा संपल्याची तक्रार सहा जणांनी लेखी केली.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. आमच्याकडे असे अर्ज दर महिन्याला येतात आणि एका कपाटात जातात, कारण त्यांवर नुसती नावं असतात. पण मामा एकवीस वर्षं बँकेत आहेत. कागदपत्रं अपुरी असलेला अर्ज त्यांच्या हातून सुटत नाही. त्यांनी प्रत्येक सहीपुढे केबल जोडणीचा क्रमांक लिहून घेतला आणि सिव्हिल आयडीची, म्हणजे इथल्या ओळखपत्राची, प्रत जोडली. कंपनीच्या इतिहासातला हा पहिला परिपूर्ण अर्ज. नियम असा की दोनशेच्या वर पडताळलेले क्रमांक असतील तर मागणी मान्य करावीच लागते. हा नियम कंपनीने कोणी तो पूर्ण करणार नाही या खात्रीवर केला होता.

पडताळणी माझ्याकडे आली. क्रमांक घातले की त्या घरात काय पाहिलं जातं याचा तक्ता आपोआप निघतो, आणि निर्णयासोबत तो अर्जदाराला पाठवावा लागतो. दोनशे बारापैकी चौऱ्याहत्तर घरांत ३१७ रोज पाहिला जातो. पहिला क्रमांक महिन्याला सत्तेचाळीस तासांचा आहे. घर मंगफमधलं, सहावा मजला. मी नाव लिहीत नाही, गोपनीयतेचा नियम आहे. त्या मजल्यावर मराठी अध्यक्ष एकच राहतात.

पाहण्याची वेळ दुपारी चार ते पाच बावन्न. पाच बावन्नला रोज चॅनेल बदलून मराठी बातम्या लागतात. मामांची गाडी पाच पन्नासला खाली येते. लिफ्टला दोन मिनिटं लागतात.

काल मी साडेचारला स्वप्नामामीकडे गेले. मामी आणि समोरच्या फ्लॅटमधली मारिसेल नावाची नर्स सोफ्यावर बसून मटार सोलत होत्या. मालिका एका शाळेच्या नौकास्पर्धेची आहे. शर्यत साडेतीन मिनिटांची, पण तिला अकरा भाग झालेत, कारण वल्हं उचलताना प्रत्येक मुलाला आपलं बालपण आठवतं. "बिलिस, बिलिस!" मामी ओरडली. म्हणजे लवकर, लवकर. मग माझ्याकडे वळून, "वल्ही अशी मारतात होय गं? थोरल्या भावजींनी बघितलं तर एकेकाला पाण्यात ढकलतील."

मी अर्जाचं विचारलं. सह्यांच्या टेबलावर तीच बसली होती. "अगं, हे दरवर्षी काहीतरी काढतात. खरंच नेऊन देतील असं कुठं वाटलं?" मग मटाराकडे बघत म्हणाली, "आर्यन पुण्याला शिकायला गेला त्या दिवशी टीव्ही ह्याच्यावरच होता. बदलावासा वाटला नाही. नंतर मारिसेल येऊन इंग्रजीत अर्थ सांगायला लागली. आता चार वाजतात तरी माझे." मारिसेलला मराठी कळत नाही. तिने मामीच्या पुढ्यातल्या शेंगा अर्ध्या आपल्याकडे ओढून घेतल्या. मी चहा घेतला.

मामांना आडून सुचवलं. ते म्हणाले, "चारू, तू टेक्निकल बघ. संस्कृती आम्ही बघतो." माझे साहेब नौमान, हैदराबादचे. ते म्हणाले, "मॅडम, जिन्ने अर्जी दिए, उन्नीच वापस लेना. आप कायकू बीच में आ रै?"

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, गुडघ्याला गरम पाणी.

आपली आज्ञाधारक भाची,
चारुता

ता. क. १: गुरुवारी दुपारी चारपर्यंत अनुपमामांनी अर्ज लेखी मागे घेतला नाही, तर ३१७ एक तारखेला बंद होईल आणि शर्यतीचा शेवट दोन तारखेला आहे. शिवाय तो तक्ता मामांच्या हाती जाईल, आणि कंपनीकडून आलेलं प्रत्येक पत्र न उघडता सभेत नेऊन मोठ्याने वाचायची त्यांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. पहिली ओळ त्यांच्याच घराची असेल, आणि मामी पहिल्या रांगेत बसते. जगात ते फक्त तुमचं ऐकतात. बुधवारी फोन करा. कारण काहीही सांगा, माझं नाव सोडून.

ता. क. २: हे पत्र घरच्या ग्रुपवर पुढे पाठवू नका. मागच्या वेळी माझा पगार पाठवला होता.

ता. क. ३: मामा ऐकत नसतील तरच हे वापरा. शुक्रवारी सकाळी सहा ते साडेसात मामी भजनाला जाते. त्याच वेळी आठवड्याच्या भागांचं पुनःप्रसारण असतं. सत्तेचाळीसपैकी सहा तास त्या वेळातले आहेत. घरात तेव्हा एकच माणूस असतो.

ता. क. ४: एक्क्याऐंशी सालच्या सांगलीच्या शर्यतीत तुमचं वल्हं मोडलं होतं, ते तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता आणि मी प्रत्येक लग्नात उठून जाते. त्यानंतर नेमकं काय केलंत ते सविस्तर कळवा. अकराव्या भागाच्या शेवटी डावीकडच्या तिसऱ्या मुलाचं मोडलंय. मामीला झोप नाही. (तक्त्यातला दुसरा क्रमांक त्याच इमारतीतल्या पाचव्या मजल्याचा, सेहेचाळीस तासांचा आहे. पाचव्या मजल्यावर मी एकटी राहते.)